काशीच्या घाटावरील जुन्या राजवाड्यात मुक्काम करताना

वाराणसीच्या दरभंगा घाटावर चुनारच्या वालुकाश्मात बांधलेला एक उंच वाडा नावेतून लांबूनच नजरेत भरतो. तो आज ब्रिजरामा पॅलेस या नावाने हॉटेल म्हणून चालतो. इ. स. १८१२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर मुन्शी यांनी तो उभारला आणि लगतच्या घाटाला मुन्शी घाट हे नाव त्यांच्यामुळेच मिळाले. पुढे १९१५ मध्ये बिहारमधील दरभंगा संस्थानाचे महाराज रामेश्वर सिंह यांनी तो विकत घेतला. त्याच्या उत्तरेला चार पावलांवर अहिल्याबाई घाट आणि त्यापलीकडे दशाश्वमेध आहे. थोडक्यात, मराठी माणूस येथे उतरतो तो नागपूरच्या कारभाऱ्याच्या वाड्यात आणि शेजार असतो इंदूरच्या होळकरांचा.

अशा ठिकाणी एका रात्रीचे भाडे सहज पाच आकडी असते. एवढा खर्च बहुतेक कुटुंबे आईवडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या काशीयात्रेसाठी एकदाच करतात. म्हणून तो नेमका कशासाठी आपण करतो आहोत, हे आरक्षणापूर्वीच ठरवलेले बरे. गादी, न्हाणीघर आणि वातानुकूलन या गोष्टी छावणी भागातील कोणत्याही नव्या हॉटेलात याहून कमी पैशांत आणि कित्येकदा अधिक चांगल्या मिळतात. येथे पैसे मोजायचे ते वाड्याच्या जागेचे: दाराबाहेर घाट, समोर उत्तरेकडे वाहणारी गंगा आणि पलीकडच्या मोकळ्या वाळवंटातून थेट खिडकीत येणारा सूर्य. ज्याला दिवसभर हिंडून रात्री फक्त पाठ टेकायची आहे, त्याने हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणते हॉटेल, हा प्रश्नही यातूनच सुटतो. घाटावर ब्रिजरामाखेरीज शिवाला घाटावरील सूर्योदय हवेली आहे. ती विसाव्या शतकाच्या आरंभी नेपाळच्या राजघराण्याने बांधली आणि दशाश्वमेधाच्या गर्दीपासून ती बरीच दक्षिणेला असल्यामुळे तेथील सकाळ शांत जाते. नदेसर पॅलेस हा ताज समूहाच्या ताब्यातील राजवाडा मोजक्याच खोल्यांचा, बागेने वेढलेला आणि काशीनरेशांच्या पाहुण्यांसाठी प्रसिद्ध असला, तरी तो नदीपासून दूर, छावणीच्या बाजूला आहे. मोटार दारापर्यंत जाते, पायऱ्या नाहीत आणि गोंगाट नाही, या तीन कारणांसाठी गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी त्याचा विचार जरूर करावा. मात्र तेथे राहून घाटाची अपेक्षा ठेवू नये. ‘हवेली’, ‘कोठी’ आणि ‘पॅलेस’ ही नावे अलीकडच्या सिमेंटच्या इमारतींनाही सर्रास दिली जातात, तेव्हा बांधकामाचे वर्ष विचारून घ्यावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात वारसा हॉटेल ठरण्यासाठी वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. हा दाखला ज्यांच्याकडे असतो ते तो आनंदाने दाखवतात.

नदी पाहून तारीख धरावी

काशीतील हंगाम हा हवेपेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून असतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत गंगा चढते, घाटांच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याचा रस्ता तुटतो आणि प्रशासन नावा बंद करते. वाराणसीत इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. पावसाळ्यातील बातम्यांत हे आकडे रोज येतात आणि आरक्षण केलेल्याने त्यांवर लक्ष ठेवावे. पाणी फार वाढले की दशाश्वमेधावरील आरतीसुद्धा घाट सोडून इमारतीच्या गच्चीवर करावी लागते. अशा दिवसांत राजवाड्याच्या खिडकीतून दिसणारे गढूळ, अफाट पात्र विलक्षण असते यात शंका नाही, पण नावेतून येणे, घाटावर उतरणे आणि पहाटेची फेरी या ज्या गोष्टींसाठी आपण आलो त्यांतील एकही पदरी पडत नाही. पूर ओसरल्यावरही काही आठवडे पायऱ्यांवर हातभर गाळ साचलेला असतो आणि माणसे पंप लावून नदीच्याच पाण्याच्या फवाऱ्याने तो पुन्हा नदीत ढकलत असतात. दिवाळीच्या सुमारास घाट स्वच्छ झालेले असतात.

येथे मराठी प्रवाशाची एक हमखास गल्लत होते. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलत असल्यामुळे तेथील श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो. आपली दिनदर्शिका पाहून ‘श्रावण टाळला’ असे समजणारा माणूस आषाढाच्या उत्तरार्धात नेमका कावडियांच्या, म्हणजे कावडीतून गंगाजल नेणाऱ्या शिवभक्तांच्या, गर्दीत सापडतो. श्रावणातील सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी विश्वनाथाच्या रांगा काही तासांच्या होतात. कार्तिकी पौर्णिमा मात्र दोन्हीकडे एकच असते आणि त्या रात्री देवदिवाळीनिमित्त सगळे घाट पणत्यांनी उजळतात. त्या तारखांचे दर इतर दिवसांच्या कितीतरी पट असतात, खोल्या बऱ्याच महिने आधी भरतात आणि काही हॉटेले किमान दोन-तीन रात्रींची अट घालतात. हा सोहळा वाड्याच्या गच्चीवरून पाहण्याजोगा आहे, परंतु पहिल्या भेटीसाठी मी तो सुचवणार नाही, कारण त्या दिवशी घाटावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि वाड्यातील माणसांनाही आपल्याकडे पाहायला उसंत नसते.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत दाट धुके पडते, तेव्हा गाड्या आणि विमाने तासन्‌तास खोळंबतात आणि सूर्योदयाच्या जागी समोर एक पांढरी भिंत दिसते. धुक्यातील गंगा मला स्वतःला आवडते. पण सूर्य पाहण्यासाठीच नदीकडची खोली घेतली असेल तर पैसे वाया गेल्यासारखे वाटेल. एप्रिलनंतर उन्हाचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी दगडाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवणे अशक्य होते.

खोली निवडताना

जुन्या वाड्यातील कोणत्याही दोन खोल्या सारख्या नसतात. संकेतस्थळावर एकाच नावाखाली दिसणाऱ्या खोल्यांपैकी एकीला बुरुजातील तीन खिडक्या असतात, तर दुसरीला चौकाकडे उघडणारा एकच झरोका. त्यामुळे आरक्षण करताना हॉटेलला थेट फोन करावा आणि खोलीचा मजला, खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि खिडकीपुढे सज्जा आहे की नुसती जाळी, हे विचारून आपल्याला मिळणाऱ्या खोलीचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावे. ‘नदीचे दर्शन’ या शब्दांत पलंगावरून दिसणारी गंगाही बसते आणि न्हाणीघराच्या खिडकीतून मान वाकडी करून दिसणारीही.

दोन किंवा अधिक रात्री राहणार असाल तर नदीकडची खोली घ्यावी, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर न पडता खिडकीत बसून राहण्याचे समाधान तिच्यातच आहे. एकच रात्र असेल तर चौकाकडची स्वस्त खोली घेऊन गच्चीचा उपयोग करणे शहाणपणाचे ठरते. संध्याकाळी आरतीला आणि पहाटे नावेत, म्हणजे नदीकडे पाहण्याच्या दोन्ही वेळा आपण खोलीबाहेरच असतो. झोप सावध असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नदीकडच्या खोलीत पहाटे चारपासून घंटा, स्तोत्रे आणि नावांची इंजिने ऐकू येऊ लागतात आणि दशाश्वमेध जवळ असल्यामुळे संध्याकाळचे ध्वनिक्षेपकही. हे सारे काशीचेच अंग आहे, त्याची तक्रार हॉटेलकडे करून उपयोग नाही. कानात घालायचे बोळे बरोबर न्यावेत. सज्ज्याचे दार उघडे टाकून खाली जाऊ नये. माकडे चष्मा, फळे आणि औषधांच्या पिशव्या फार शिताफीने पळवतात.

भाड्याचा आकडा पाहताना कर धरावा. रात्रीला साडेसात हजारांहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, त्यामुळे २५,००० रुपयांची खोली प्रत्यक्षात २९,५०० रुपयांना पडते. त्या दरात न्याहारी, घाटापर्यंतची नाव आणि संध्याकाळची आरती दाखवणारी फेरी यांपैकी काय काय धरले आहे, हे लेखी मागून घ्यावे. ब्रिजरामात जेवण पूर्ण शाकाहारी असते आणि मद्य मिळत नाही. बहुतेक यात्रेकरूंना हे सोयीचेच वाटेल, पण बरोबरच्या मंडळींना आधी कल्पना दिलेली बरी.

पोहोचणे

मुंबईहून थेट वाराणसीला जाणाऱ्या महानगरी आणि कामायनी या गाड्या मराठी प्रवाशांच्या जुन्या ओळखीच्या आहेत. विमानाने येणाऱ्यांना शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील बाबतपूर विमानतळावर उतरावे लागते. तिकिटावर ‘बनारस’ लिहिले असेल तर ते पूर्वीचे मंडुवाडीह स्थानक आहे आणि ते वाराणसी जंक्शनहून वेगळे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

खरा प्रश्न शेवटच्या किलोमीटरचा असतो. मोटार घाटावर येत नाही, ती गोदौलिया परिसरातच सोडावी लागते आणि पुढे गल्ल्यांतून, गाईंना आणि दुचाक्यांना वाट देत, सामान ओढत चालावे लागते. गल्लीत ‘ते हॉटेल बंद आहे, मी दुसरे दाखवतो’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याच्याशी वाद न घालता पुढे चालत राहावे. यापेक्षा हॉटेलची नाव घ्यावी. आपण येण्याची वेळ आदल्या दिवशी कळवून नाव कोणत्या घाटावर येणार, तेथपर्यंत मोटार जाते का आणि सामान कोण उचलणार, हे पक्के करावे. शहराच्या उत्तर टोकाचा नमो घाट, म्हणजे पूर्वीचा खिडकिया घाट, किंवा दक्षिणेचा अस्सी घाट या दोन्ही ठिकाणी मोटार बरीच जवळ येते.

पर्याय असेल तर मी नमो घाट निवडीन, कारण मालवीय पुलाजवळून प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे येताना अर्धी काशी डोळ्यांसमोरून सरकते. पंचगंगा घाटावरील आलमगीर मशीद, तिच्या आसपासच्या दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट परिसरातील जुनी मराठी वस्ती, नागपूरकरांचा भोसले घाट, शिंद्यांच्या घाटाजवळ पायथा खचून एका अंगाला कललेले रत्नेश्वराचे देऊळ, मणिकर्णिकेच्या चिता, २०२१ मध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ धामाचे गंगेकडील प्रवेशद्वार, राजा मानसिंगाचा महाल आणि त्याच्या गच्चीवरील सवाई जयसिंगाची वेधशाळा हे सारे ओलांडून नाव दशाश्वमेधापुढे येते आणि मग दरभंगा घाटाचे ते उंच बुरूज समोर उभे राहतात. मणिकर्णिकेपुढून जाताना कॅमेरा आणि मोबाईल खाली ठेवावा. तेथे छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, आणि नसती तरी ती घेऊ नयेत.

वडीलधाऱ्यांसाठी नाव सुखाची असली तरी उतरण्याची जागा नीट पाहावी. पायऱ्या किती चढाव्या लागतील हे नदीच्या पातळीवर ठरते: मे महिन्यात पात्र खाली गेलेले असते आणि ऑक्टोबरात जी पायरी पाण्याला टेकलेली होती ती उन्हाळ्यात बरीच वर राहिलेली असते. त्या पायऱ्या आपल्या घरांतल्यासारख्या सारख्या मापाच्या नसतात. काही वीतभर उंच, काही दीडपट, मधे झिजून खोलगट झालेल्या आणि पाण्याजवळच्या शेवटच्या दोन-तीन शेवाळलेल्या. गुळगुळीत तळव्याची चप्पल तेथे घसरतेच. मागे पट्टा असलेली, पण देवळापाशी चटकन काढता येईल अशी पादत्राणे घ्यावीत. लिफ्ट घाटाच्या पातळीपासून आहे की आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात, हा प्रश्न आरक्षणाच्या वेळीच विचारावा. महाराणींना गंगास्नानाला उतरणे सोपे जावे म्हणून दरभंगाच्या महाराजांनी हाताने चालवायची लिफ्ट बसवली होती, असे ब्रिजरामात सांगतात. म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही कोणाला तरी पडला होता.

दिवस कसा लावावा

दुपारी पोहोचल्यावर त्या दिवशी आरतीखेरीज दुसरे काही ठेवू नये. आरती हिवाळ्यात सहाच्या आसपास आणि उन्हाळ्यात सातच्या सुमारास सुरू होते. ती घाटावर बसून, नावेतून किंवा गच्चीवरून अशी तिन्ही प्रकारे पाहता येते. घाटावर तासभर आधी जागा धरावी लागते आणि उठून जाता येत नाही. नावेतून पुजाऱ्यांचे चेहरे आणि दीपांची पूर्ण रांग समोरून दिसते, म्हणून हॉटेलची नाव मिळत असेल तर तीच घ्यावी. गच्चीवरून आरती बाजूने आणि लांबून दिसते. संध्याकाळी वाड्यात शास्त्रीय संगीत किंवा नृत्य असते तेथे आरतीहून परतल्यावर जेवणाआधी थोडा वेळ जरूर बसावे. बनारस हे तबल्याचे आणि ठुमरीचे शहर आहे. या मैफलीत वाजवणारी तरुण मंडळी पुष्कळदा एखाद्या घराण्यात शिकणारी असतात आणि समोरचा श्रोता लक्ष देतो आहे असे दिसले की अधिक मन लावून वाजवतात.

पहाटेची नाव आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी. सूर्योदय जूनमध्ये पाच-दहाच्या सुमारास होतो, तर जानेवारीत पावणेसातला, आणि नाव त्याच्या अर्धा तास आधी सुटली पाहिजे. शक्य असेल तर इंजिनाची नको, वल्ह्याची मागावी. ती थोडी महाग पडते, पण नावाड्याचे बोलणे, पाण्याचा आवाज आणि काठावरच्या स्नानाची लगबग हे सारे त्याच नावेत कानावर येते.

विश्वनाथाचे दर्शन हा घाटावर राहण्याचा सर्वांत व्यावहारिक लाभ आहे. देवळात मोबाईल, पिशव्या आणि कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन नेता येत नाही. लांबून येणारा माणूस गल्लीतील दुकानदाराच्या कपाटात ते ठेवून वर त्याच्याकडून फुलांची टोपली घेण्यास बांधील होतो. येथे राहणाऱ्याने ते खोलीतील तिजोरीत ठेवून खिशात थोडे पैसे आणि ओळखपत्र एवढेच घेऊन दहा-पंधरा मिनिटे चालत जावे. मंगला आरती पहाटे ३ ते ४ या वेळेत होते आणि तिचे तिकीट मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. ‘व्हीआयपी दर्शन’ करून देतो म्हणणाऱ्यांकडून नव्हे. आजचे देऊळ १८ व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले आहे. धामाच्या आवारात त्यांचा पुतळाही आहे.

श्राद्ध किंवा अस्थिविसर्जन अशा कार्यासाठी येणाऱ्यांनी ते हॉटेलला आधीच सांगावे. ओले कपडे, क्षौर, उपवासाचे जेवण आणि गुरुजींना भेटण्याची जागा यांची व्यवस्था अशा घरांना नवी नसते, परंतु ऐनवेळी सांगितले तर धावपळ होते. गुरुजी मात्र आपल्या ओळखीतून किंवा कुळाच्या जुन्या उपाध्यायांकडून ठरवावेत आणि दक्षिणा आधी बोलून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी सोडावी. सकाळी न्याहारीला वाड्यात थांबण्याऐवजी एखादा दिवस गल्लीतील कचोडी आणि जिलेबी खावी. हिवाळ्यात दुधाचा फेस दवात ठेवून केलेली मलइयो फक्त सकाळीच मिळते. सारनाथ सुमारे १० किलोमीटरवर आहे आणि अर्ध्या दिवसात होते, पण चार सिंहांचा स्तंभशीर्ष ज्या संग्रहालयात आहे ते शुक्रवारी बंद असते.

निघताना

बक्षिसी प्रत्येकाच्या हातात वेगवेगळी देण्यापेक्षा रिसेप्शनवरील सामायिक पेटीत टाकावी, म्हणजे स्वयंपाकघरात आणि धुलाईत राबणाऱ्यांपर्यंतही ती पोहोचते. नावाड्याला मात्र वेगळी द्यावी. तो बहुधा हॉटेलचा नोकर नसतो. बिल आदल्या रात्रीच पाहून घ्यावे, कारण सकाळी सूर्योदयाची नाव, न्याहारी आणि सामान बांधणे यांत ते बारकाईने तपासायला वेळ राहत नाही. गंगाजल विमानाने न्यायचे असेल तर ते हातातल्या पिशवीत चालत नाही, तेव्हा तांब्याचा गडू सीलबंद असला तरी तो मोठ्या बॅगेत ठेवावा.

विमान असेल तर ते सुटण्याच्या किमान चार तास आधी खोली सोडावी. अंतर पाहता हे फार वाटते, परंतु नाव, घाटावरून मोटारीपर्यंतचे चालणे आणि शहराची कोंडी यांतच दीड-दोन तास जातात, आणि कोणाची वरात किंवा मिरवणूक आडवी आली तर मोटारचालकाच्या हातातही काही राहत नाही.